कात्रीमावशीच्या काड्या

माझ्या थोरल्या जाऊबाई वाइन बनवतात आणि मी बाटल्यांना लेबलं चिकटवते. कुणी विचारलं की मी असंच सांगते, म्हणजे आमच्या घरातली कामाची वाटणी एका वाक्यात कळते. नाक त्यांचं, हात माझे. भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, आणि आमचे हे बागेत असतात. तारा, ट्रॅक्टर, फवारणी ही दोघा भावांची खाती.

लग्नाआधी जाऊबाई एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासायच्या. त्या सासरी आल्या त्या पहिल्याच हंगामात मामंजींनी, आमच्या सासऱ्यांनी, त्यांना तळघरात नेलं आणि दोन पेले समोर ठेवले. "सूनबाई, यांत फरक काय?" जाऊबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच वाइन हुंगली होती. म्हणाल्या, "डावीकडच्या पेल्यात ओल्या दगडाचा वास येतोय." मामंजींनी दोन्ही पेले उचलून ठेवले. दुसऱ्या दिवशी मात्र तळघराची किल्ली त्यांच्या हातात आली. भावजींना ती तोवर कधीच मिळाली नव्हती. ते अजून म्हणतात, "मला बायको मिळाली आणि बाबांना वारस मिळाला. नुकसान कुणाचंच नाही."

तो ओल्या दगडाचा वास आमच्या टेकडीचा होता. आमची बहुतेक बाग सपाटीवर आहे, पण दीड एकर टेकडीच्या उतारावर आहे. तिथे माती वीतभर, खाली सगळा फुटका दगड. पावसाचं पाणी थांबत नाही, वेलाची मुळं दगडांच्या फटींतून खोल जातात आणि तहान भागेल एवढंच मिळवतात. सकाळचं ऊन तिथे सगळ्यांत आधी येतं. दुपारभर वारा असतो, त्यामुळे घडांत ओल राहत नाही. रात्री गारवा पडतो आणि द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो. पीक थोडं, मणी लहान, पण त्या दीड एकराच्या वाइनवरच आमचं नाव होतं.

त्या उतारावर मामंजींच्या वडिलांनी लावलेले वेल होते. वाण सगळ्यांचा एकच, काळ्या द्राक्षाचा. पण द्राक्षाचा वेल बी पेरून करत नाहीत, काडी लावून करतात, आणि काडीचा वेल म्हणजे आईचीच दुसरी प्रत. त्याला क्लोन म्हणतात. आता काडीवरून काडी, तिच्यावरून पुन्हा काडी असं शंभर वर्षं चाललं की कुठेतरी बारीक फरक पडत जातो. एकाचे घड सुटे होतात, दुसऱ्याची साल जाड होते, तिसरा दहा दिवस उशिरा पिकतो. एकाच आडनावाच्या घरात एक रागीट, एक मुकाट आणि एक उधळ्या निघतो, तसंच. मामंजी दरवर्षी तोडणीआधी उतारावर फिरायचे आणि आवडलेल्या वेलांना लाल दोरा बांधायचे. जागा रिकामी झाली की त्याच वेलांच्या काड्या लावायच्या. बाकीच्या छाटलेल्या काड्या जाळायच्या. एकही काडी फाटकाबाहेर जाता कामा नये, असा त्यांचा कायदा होता. त्यात ते सख्ख्या भावालाही जुमानत नसत.

छाटणीला एक बाई यायची. कमरेला कायम कात्री खोचलेली, म्हणून तिला सगळे कात्रीमावशी म्हणायचे. एकतीस वर्षं तिने आमचा उतार छाटला. ओळीच्या टोकाशी उभी राहून ती आधी नुसती बघत राहायची. कुणाला वाटावं, झोप लागलीय. मग एकदा हात चालू झाला की थांबायचा नाही.

मामंजी गेले त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत उतारावरची पानं वेळेआधी लाल व्हायला लागली होती. त्यांच्या कडा आत वळायच्या, मणी अर्धवट रंगायचे. हा रोग पिठ्या ढेकूण नावाच्या किडीमुळे पसरतो आणि त्यावर औषध नाही. मामंजी होते तोवर ते वेल काढायची कुणाची छाती झाली नाही. ते गेल्यावर जाऊबाईंनी ठरवलं, सगळं उपटायचं. ते बरोबरच होतं, आजही बरोबरच वाटतं. रोपवाटिकेच्या माणसाने क्लोनचा एक नंबर सुचवला. खात्रीचा, निरोगी क्लोन, सगळीकडे चालतो, पीक भरपूर. जाऊबाईंनी दीड एकरासाठी तो एकच नंबर सांगितला.

वेल उपटायचं मशीन यायच्या आदल्या दिवशी कात्रीमावशी अंगणात येऊन उभी राहिली.

"सूनबाई, थोड्या काड्या ठेवा. सगळेच वेल आजारी नाहीत."

"तपासणीत जवळजवळ सगळेच निघालेत, मावशी."

"जवळजवळ म्हणजे सगळे नव्हेत. मला दोन दिवस द्या, मी दाखवते कोणते."

जाऊबाई त्या आठवड्यात तीन-तीन तास झोपत होत्या. एरवी त्या असं बोलल्या नसत्या. म्हणाल्या, "तुमचं काम छाटणीचं आहे. ठेवायचं काय आणि काढायचं काय, ते आम्ही बघू."

मावशीने मान हलवली आणि ती निघून गेली. पुढच्या हिवाळ्यात सपाटीवरच्या छाटणीला ती आलीच नाही. निरोप आला, गुडघे दुखतात म्हणून. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, गुडघे नव्हते दुखत.

उतार दोन वर्षं मोकळा ठेवला, मग नवी लागवड केली. वेल जोमात आले. घड इतके घट्ट की बोट शिरायचं नाही, मणी टपोरे. पण हा क्लोन लवकर पिकणारा होता. रात्री गार व्हायच्या आतच साखर भरून मोकळा. उतारावरचे शेवटचे पंधरा दिवस, ज्यांत आमच्या वाइनला तिचा चेहरा मिळायचा, ते याच्या वाट्याला येतच नव्हते. उशीर करून पाहावं तर घड आतून सडायचे.

वाइन झाली. दोष काढायला जागा नव्हती. दरवर्षी आमच्याकडे एक गृहस्थ येतात, मोठ्या हॉटेलांसाठी वाइन निवडतात. मी त्यांना नाकवाले म्हणते, तोंडावर नाही अर्थात. त्यांनी घोट फिरवला, पेला खाली ठेवला.

"चांगली आहे," ते म्हणाले.

"पण?" जाऊबाईंनी विचारलं.

"पण काही नाही. चांगली आहे. फक्त ही कुणाचीही असू शकते."

ते गेल्यावर जाऊबाई पेले धुवायला लागल्या. एकच पेला किती वेळ धुतला, ते मी पाहिलं. "मी मामंजींचं घर झाडून स्वच्छ केलं गं," त्या म्हणाल्या, "आणि कचऱ्याबरोबर घरच बाहेर टाकलं." मी पेले पुसत राहिले.

त्यानंतर महिन्याभराने अवजारांची खोली आवरताना मला कात्रीमावशीचा धार लावायचा दगड सापडला. मधोमध झिजून होडीसारखा झालेला. हा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही, म्हणून मीच तो द्यायला गेले. खरं सांगायचं तर मला मावशीची आठवण येत होती, दगड हे निमित्त.

तिचं घर खाली, ओढ्याच्या काठी. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं, म्हणून मी मागच्या बाजूला गेले. कपडे धुवायच्या दगडावर तिने मांडव घातला होता आणि मांडवभर काळी द्राक्षं लटकत होती. घड सुटे सुटे, मण्यामण्यांतून बोट फिरेल असे. मी चौदा वर्षं ते घड पेट्यांत भरले होते. माझे हात ओळखायला चुकले नसते.

मी दगड पायरीवर ठेवला, एक घड तोडला, रुमालात गुंडाळला आणि घरी आले. चोरीच म्हणा. घरी येऊन जाऊबाईंच्या समोर टेबलावर तो रुमाल उघडला.

त्यांनी घड उचलून उजेडात धरला. देठ पाहिला. मग एक मणी तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा पडला. "दिसायला आपलाच आहे. चवीला नाही. नुसतं गोड पाणी." दुसरा मणी त्यांनी सालीसकट बराच वेळ चावला, बी दाताखाली फोडली. "साल जाड आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला विचारलं, "कुठून आणलास?"

मी सांगितलं. त्यांनी तशाच चपला घातल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा मावशी पायरीवर बसली होती, शेजारी तो दगड. आम्हा दोघींना बघून ती उठली नाही.

"आलात," ती म्हणाली. "एक घड कमी दिसला तेव्हाच वाटलं, आता येणार."

जाऊबाई खाली, तिच्या पायाशीच बसल्या. "मावशी, हे वेल टेकडीचे आहेत?"

मावशीने ओढ्याकडे पाहिलं. "मालकांचा कायदा होता, काडी बाहेर न्यायची नाही. मी नेल्या. दर हिवाळ्याला एक, कधी दोन. मोळीत घालून, सरपण म्हणून. माझ्या हातून दुसरी चोरी झालेली नाही, पण ही झाली. आधी धुण्यावर सावली हवी होती म्हणून. नंतर सवय लागली."

"किती आहेत?"

"एकोणीस."

जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं हसतायत, पण त्या रडत होत्या. "मावशी, तुम्ही चोरी केली नसती तर आम्ही कायमचे नागवले गेलो असतो."

मावशी गडबडली. तिला ओरडा अपेक्षित होता, त्याची तिने तयारी केली होती. रडण्याची केली नव्हती. ती आत जाऊन पाणी घेऊन आली.

जाऊबाई पाणी प्यायल्या आणि मग जे बोलायचं होतं ते बोलल्या. "त्या दिवशी अंगणात मी तुमच्याशी वाईट बोलले. तुमचं ऐकायला हवं होतं. आज मला गरज आहे म्हणून म्हणत नाही. तेव्हाच कळलं होतं, यायला तोंड नव्हतं."

"मला पण राग लवकर येतो," मावशी म्हणाली, "आणि जायला वेळ लागतो. गुडघे नव्हते हो दुखत. आता मात्र दुखतात."

मग त्या दोघी मांडवाखाली फिरल्या. जाऊबाईंनी विचारलं, "वेल टेकडीचा, तर चव अशी का?"

"जमीन बघा की." मावशीने टाचेने माती उकरली. काळी, ओली, मऊ. "ओढा उशाला, खत पायथ्याला. इथे याला कशाला हातपाय हलवावे लागतात? आयतं खाऊन पोर बिघडतं तसं झालंय. रक्त चांगलं आहे. वर न्या, चार दगड फोडू द्या, बघा कसा सुधारतो."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की आमची वाइन टेकडीनेही एकट्याने केली नव्हती आणि वेलानेही नाही. दोघांपैकी एकाला काढलं की दुसरा मुका होतो. नवा क्लोन चांगल्या जागी बसून कुणाचीही वाइन देत होता आणि जुना वेल ओढ्याकाठी बसून गोड पाणी.

निघताना जाऊबाई म्हणाल्या, "मामंजींनी दोरे बांधलेल्या वेलांच्याच काड्या आणल्यात ना तुम्ही?"

"हो तर."

"नजर होती त्यांची."

मावशी थोडी घुटमळली. "नजर होती, पण लांबची. जवळचं दिसायचं नाही मालकांना. चष्मा होता, शेतात घालायला लाजायचे. वेल मी दाखवायची, दोरा ते बांधायचे. एकदा बांधला की त्यांना वाटायचं आपणच निवडला. मीही कधी बोलले नाही. काय करायचंय? दोरा योग्य वेलाला बसला म्हणजे झालं."

परतताना वाटेत जाऊबाई पुढे चालत होत्या. एकदा थांबून म्हणाल्या, "इतकी वर्षं मी मामंजींच्या निवडीचे गोडवे गातेय, आणि ती शेजारी कात्री घेऊन उभी असायची."

एकोणीस वेलांचे तुकडे तपासणीला पाठवले. सहा आजारी निघाले, शेवटच्या वर्षांत नेलेले. ते मावशीने त्याच दिवशी माणूस लावून मुळासकट उपटले. तेरा निरोगी होते. हिवाळ्यात त्यांच्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवल्या आणि वसंतात कलमं करायला घेतली. नवे वेल उपटायची गरज नव्हती. बुंधा ठेवायचा, वरचं कापायचं, त्यात जुन्या वेलाची दोन डोळ्यांची, म्हणजे दोन अंकुरांची, काडी बसवायची. मुळं तयार असल्याने दोन वर्षं वाचतात.

मावशीच्या बोटांची पेरं आता सुजतात, कात्री धरवत नाही. भावजींनी तिला ट्रॉलीत खुर्ची टाकून वर नेलं. ती ओळीच्या टोकाशी बसून सांगायची आणि जाऊबाई गुडघ्यावर बसून कापायच्या.

"तिरका कापा. अजून. लोणी कापत नाही आपण, दाबा जरा."

"असा?"

"सालीला साल भिडली पाहिजे. नाहीतर दोघं एका घरात राहून बोलत नाहीत, तसं होतं."

"आमच्या ह्यांच्यासारखं," मी म्हटलं. मावशी हसली. भावजी ट्रॅक्टरवरून म्हणाले, "ऐकू येतंय मला." मी म्हटलं, "तुमच्याबद्दल नाही, तुमच्या भावाबद्दल."

पहिल्या वर्षी शंभरातली साठ कलमं जगली. जाऊबाई हिरमुसल्या, मावशी मात्र खूश होती. "मी कलमं करायला शिकले तेव्हा शंभरातली चाळीसच जगली होती," ती म्हणाली. "तुमचा हात माझ्यापेक्षा बरा आहे, फक्त घाई आहे त्यात."

दोन वर्षांनी पेट्या भरण्याइतके घड आले. ते सुटे घड पाहून मी ओळीतच थांबले. आमचे हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ओळखीचे भेटले." जाऊबाईंनी तोडणी थांबवून धरली. शेजाऱ्यांची संपली, आमची सपाटीवरची संपली, तरी त्या रोज सकाळी उतारावर जाऊन चार मणी चावून यायच्या आणि "अजून नाही" म्हणायच्या. रात्री गार पडायला लागल्या. बाराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज."

त्या वर्षी तीन वाइन वेगवेगळ्या ठेवल्या. उतारावरच्या नव्या क्लोनची, उतारावरच्या जुन्या वेलाची आणि एका काचेच्या बरणीत मावशीच्या मांडवाची. दीड वर्षाने नाकवाले आले तेव्हा जाऊबाईंनी काही न सांगता तिन्ही पेले पुढे ठेवले. मावशीलाही बोलावलं होतं. ती दाराजवळच्या बाकावर बसली होती.

पहिला पेला त्यांनी लगेच ओळखला. "ही मागच्यासारखीच, चांगली." तिसरा पेला, मांडवाचा, घेऊन ते हसले. "हिला कुणी उठवलंच नाही झोपेतून." मग ते मधल्या पेल्याकडे परतले आणि त्यातला घोट दोनदा फिरवला. शेवटी म्हणाले, "ही आणि तिसरी, दोघी एकाच घरच्या आहेत. पण ही त्या टेकडीवर राहिलीय."

"जुन्यासारखी आहे का?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही. कलमं कोवळी आहेत अजून. जुनीला जे बोलायचं असायचं ते हिला पूर्ण सांगता येत नाही. पण सांगायचं तेच आहे." त्यांनी पेला नाकाशी धरला. "ओला दगड आहे यात. हे वेल कुठे मिळाले तुम्हाला?"

जाऊबाई उठल्या, बाकाजवळ गेल्या आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "यांनी ठेवले होते. त्याआधी निवडलेही यांनीच."

नाकवाले उभे राहिले आणि त्यांनी मावशीला वाकून नमस्कार केला. मावशी माझ्याकडे बघून कुजबुजली, "यांना बसायला सांग."

मग तिलाही मधल्या पेल्यातली दिली. एकतीस वर्षं छाटणी केली, पण वाइन तिने कधी चाखली नव्हती. एक घोट घेतला, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं. "आंबट आहे. आणि तोंड कोरडं पडतं." आम्ही वाट बघत होतो. "तुम्हाला अशीच हवी असते का?" तिने विचारलं.

"अगदी अशीच," जाऊबाई म्हणाल्या.

"मग बरं झालं." तिने पेला परत दिला.

लेबलावर मावशीचा उल्लेख करावा असं जाऊबाईंच्या फार मनात होतं. मी नमुनाही करून आणला होता. मावशीने तो लांब धरून वाचला आणि साफ नाही म्हणाली. "बाटलीवर माझं नाव? लोक म्हणतील, म्हातारी प्यायला लागली." मग मागा काय हवं ते, असं म्हटल्यावर तिने विचार केला. "पानं गळायच्या आधी दरवर्षी मला एकदा वर न्या. कोणता वेल ठेवायचा, ते मी बघीन. घरी बसून डोळे फुकट जातात माझे."

आता ती दरवर्षी येते. तिच्यासाठी रुंद पाठीची खुर्ची केली आहे आणि ट्रॉलीला पायरी बसवली आहे. तिच्या मांडवाला उतारावरच्या काड्यांतली एक काडी जाऊबाईंनी स्वतः नेऊन लावली, जिथले ते सहा आजारी वेल उपटले होते त्या जागी. गेल्या हंगामात मावशीने नव्या क्लोनच्या एका वेलापुढे ट्रॉली थांबवायला लावली. आम्ही त्या ओळीवर पुढच्या वसंतात कलमं करणार होतो.

"याला हात लावू नका," ती म्हणाली. "घड बघा, सुटायला लागलेत याचे. जरा उशिराही पिकतोय. याला टेकडी कळायला लागलीय."

जाऊबाई वाकल्या, एक मणी तोडून चावला, आणि म्हणाल्या, "ठेवू याला." मग त्यांनी मलाही एक दिला. मला नाक नाही, मी आधीच सांगितलंय. पण मणी चांगला होता. आम्ही तिघींनी त्या घडाचे उरलेले मणी वाटून खाल्ले, बिया दगडांत थुंकल्या, आणि भावजींनी ट्रॉली पुढच्या ओळीकडे घेतली.